तबेल्याचा वास

साडेसहाला मी पाटी पुसते.
ओलं फडकं फिरलं की कालची रात्र
पांढुरकी होऊन पसरते,
ती वाळेपर्यंत थांबायचं. मग आजचं:
मोर्तोचं सॉसेज, मसुरीसोबत.
कांद्याचं सूप.
कोंते चीज, अठरा महिने मुरलेलं.
"तुझं अक्षर डावीकडे उतरतं, माएल," ओदील म्हणते,
"तिकडे काय नदी आहे?"
नदी तिकडेच आहे. दोन गल्ल्या खाली.

अकरा टेबलं धड. बाराव्याचा एक पाय आखूड,
त्याच्याखाली बुचाचा काप.
तिथं म्हातारे एव्हारिस्त बसतात,
चाळीस वर्षं घड्याळाच्या कारखान्यात काढलेले
आणि मनगट उघडं.
किती वाजले, ते मला विचारतात.

आज आँसेल्म आला होता, सहा खोकी घेऊन.
गाडी गल्लीत तिरकी लावलेली.
ओदीलनं जाऊ दिलं नाही: सूप पिऊन जा.
काउंटरच्या टोकाला बसला, बुटांना माती,
पाव मोडताना एकही चुरा सांडत नव्हता.
पाटीच्या तळाशी त्याचीच वाइन, माझ्या उतरत्या अक्षरात:
पुल्सार, ग्लास आणि बाटली.
इतकी फिकी लाल
की ग्लासमागची आपली बोटं मोजता येतात.

चौथ्या टेबलावर दोघं, कुणाच्या तरी लग्नाला आलेली,
मुलीच्या कानामागे अजून एक तांदळाचा दाणा.
तिनं ग्लास नाकाशी नेला.
"तबेला," ती म्हणाली.
"ओलं घोंगडं," तो म्हणाला,
आणि दोघं मोकळेपणानं हसली.
वाईट मनात काही नव्हतं,
पण आमची जागा केवढीशी!
इकडे चमचा पडला तर तिकडे मीठ हलतं.

ओदीलनं कोरडा ग्लास पुन्हा कोरडा केला.
मी मसूर वाढायला वळले,
वाढून झालेली होती.

आँसेल्म उठला. एक रिकामा ग्लास उचलून
थेट त्यांच्याकडे.
"मी बघू?"
त्यांना वाटलं, इथलाच कुणी असेल.
त्यानं दोन बोटं ओतली, नाक आत घातलं
आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"तबेला खरा," तो म्हणाला.
"पण घोडा नेल्यानंतरचा."

मग उभ्या उभ्या, खुर्चीच्या पाठीला धरून:
त्या साली भावाची नि माझी वाटणी झाली.
महिनाभर वकिलाकडे खेटे.
पिंपं उतरत होती, वरून भरायला कुणी नाही.
शेवटी वरची वेल त्याला, खालची मला,
पिंपं मला.
घोडा त्याला.

मुलीच्या कानापर्यंत लाली चढली.
"आमचं चुकलं."
"चुकलं कुठं? नाक चांगलं आहे तुझं.
दुसरी देतो, गाडीत आहे, नंतरच्या सालची."
तिनं बाटलीच्या तोंडावर तळहात ठेवला.
"राहू दे."

त्याला खुर्ची दिली. सूप तिकडेच नेलं मी,
वर साय धरायला लागलेलं.
बाटली सावकाश खाली गेली,
मधे वांग्यासारखं निळं आकाश खिडकीत येऊन गेलं,
लग्नाच्या गोष्टी निघाल्या, नवरदेवाचा मामा
कसा कारंज्यात पडला वगैरे.
शेवटच्या घोटाला मुलगी थबकली.
"आता येत नाही वास."
जरा खट्टू होऊनच म्हणाली.
"हवा लागली की जातो," आँसेल्म म्हणाला.

बाराव्या टेबलावरून एव्हारिस्त,
ज्यांना आम्ही बहिरे समजत होतो:
"अन् घोडा?"

"आहे की. म्हातारा झालाय.
मी खालच्या वेलीत शिरलो
की कुंपणावर मान टाकून बघत राहतो.
भाऊ हाका मारतो त्याला. ऐकत नाही."

कुणी काही बोललं नाही.
सूपचे पैसे ओदीलनं घेतले नाहीत, त्यावरून दोघांचं
दारात थोडं वाजलं, नेहमीसारखं.
गाडी दोनदा बंद पडून सुरू झाली.
"किती वाजले?" एव्हारिस्तनी विचारलं.
मी सांगितलं.
मसूर संपली होती.
स्टुलावर चढून मी ती ओळ पुसली.